बॅगेतला चुंबक आणि मुकी झालेली हार्ड डिस्क

आपल्या इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका वहिनींचा प्रश्न आलाय. थोडक्यात असा: मुलाने फोनच्या पाठीला चुंबकाने चिकटणारी पॉवर बँक घेतली. त्याच्या सॅकच्या एकाच कप्प्यात ती पॉवर बँक आणि घरची पोर्टेबल हार्ड डिस्क आठवडाभर एकमेकींना चिकटून राहिल्या. डिस्कमध्ये लग्नाचे, मुंजीचे फोटो आणि यजमानांच्या हिशेबाच्या फाइली. आता ती लॅपटॉपला लावली तर दिसतच नाही. यजमान म्हणतात, चुंबकाने सगळं पुसलं. मुलगा म्हणतो, असं काही होत नसतं. बापलेकांत दोन दिवस अबोला आहे. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता, वहिनींनी लिहिलंय की भांडण नको म्हणून ती पॉवर बँक आता आप्पांना, म्हणजे सासऱ्यांना, देऊन टाकली. त्यांना दोन वर्षांपूर्वी पेसमेकर बसवलाय, तर काही हरकत नाही ना?

वहिनी, आधी आप्पांचं. हार्ड डिस्क चार दिवस थांबेल.

ती पॉवर बँक त्यांच्याकडून आजच परत घ्या. पेसमेकरमध्ये चुंबक ओळखणारा एक भाग मुद्दामच ठेवलेला असतो, तपासणीच्या किंवा ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांना यंत्राचं वागणं बाहेरून बदलता यावं म्हणून. छातीवर चुंबक धरला की पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके ऐकायचं थांबवतो आणि ठरावीक गतीने ठोके देत बसतो. चुंबक काढला की पूर्ववत. आयसीडी म्हणून दुसरं एक यंत्र असतं, हृदयाची लय बिघडली की आतून शॉक देणारं. चुंबक जवळ असेपर्यंत ते शॉक देतच नाही. यासाठी ताकदही फार लागत नाही, १० गॉसच्या (गॉस म्हणजे चुंबकाच्या जोराचं माप) पुढे गेलं की पुरतं. २०२० मध्ये आयफोन १२ च्या पाठीत चुंबकांची कडी आली आणि २०२१ च्या सुरुवातीलाच अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांनी तो फोन आयसीडी बसवलेल्या रुग्णाच्या छातीवर धरून दाखवलं की यंत्राचं काम थांबतं. ॲपल स्वतःच सांगते की असा फोन आणि त्याची चुंबकवाली उपकरणं अशा यंत्रांपासून १५ सेंटिमीटर लांब ठेवा, आणि वायरलेस चार्जिंग चालू असेल तर ३० सेंटिमीटर.

आता आप्पा फोन कुठे ठेवतात ते डोळ्यांसमोर आणा. सदऱ्याच्या डाव्या खिशात. पेसमेकरही बहुतेक वेळा डाव्याच बाजूला, गळ्याच्या हाडाखाली बसवतात. दोहोंत किती बोटांचं अंतर राहतं ते तुम्हीच बघा. फोन वापरू नये असं मी म्हणत नाही. चुंबक नसलेलं साधं कव्हर घाला, फोन उजव्या कानाला लावायला सांगा, ठेवायला पँटचा खिसा. ज्यांनी पेसमेकर बसवला त्या डॉक्टरांनाही एकदा विचारून घ्या, कारण मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस आहे, छातीचा नव्हे.

आता तुमच्या मुलाचं. त्याने काही पुसलेलं नाही. हे मी पैजेवर सांगतो. पण तुमचे यजमान वेडे आहेत असंही समजू नका. त्यांच्या तरुणपणी ही भीती अगदी खरी होती, आणि ती मी जेल रोडवरच्या माझ्या टेबलावर रोज बघत होतो.

१९९१ मध्ये मी टीव्ही दुरुस्तीला लागलो. तेव्हाच्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत मागून इलेक्ट्रॉनांचे तीन झोत निघायचे, लाल, हिरव्या आणि निळ्या रंगासाठी एकेक, आणि काचेच्या आतल्या बारीक भोकांच्या लोखंडी जाळीतून बरोबर आपापल्या रंगाच्या ठिपक्यावर पडायचे. इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकाने वळतो. त्यामुळे कुणी टीव्हीशेजारी मोठा स्पीकर ठेवला, की त्या कोपऱ्यात जांभळा किंवा हिरवा डाग. पोरांनी पडद्यावर चुंबक फिरवला तर आतली जाळीच चुंबक बनायची आणि चुंबक काढल्यावरही डाग तसाच. मग आम्ही हे चुंबकत्व उतरवणारी डीगॉसिंग कॉइल घेऊन जायचो. ताटाएवढं तारेचं वेटोळं. ते विजेला जोडून पडद्यासमोर गोल गोल फिरवायचं आणि तसंच फिरवत मागे मागे सरकायचं, दीड-दोन मीटर लांब गेल्यावर बटण बंद. घरातली सगळी मंडळी आरती बघावी तशी उभी असायची.

एकदा रामबागेत एका घरी बोलावणं आलं. टीव्हीचा रंग एका रात्रीत बिघडला, चेहरे हिरवट दिसतात. चुंबक नाही, स्पीकर नाही, काही नाही. मग कळलं की आदल्या दिवशी वास्तुशास्त्र सांगणारा कुणी येऊन गेला होता आणि त्याच्या सांगण्यावरून टीव्ही पूर्वेच्या भिंतीवरून उत्तरेच्या भिंतीला गेला होता. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आपल्याकडे अर्ध्या गॉसच्याही आतच, पण टीव्हीची दिशा बदलली की तेवढ्यानेही झोत केसभर सरकायचा. टीव्हीच्या आतही एक डीगॉसिंग कॉइल असते, सुरू करताना ‘धुम्म’ असा आवाज यायचा ना, तोच तिचा. पण ती पोझिस्टर नावाच्या भागावर चालते आणि तो थंड असला तरच पुन्हा काम करतो. ही मंडळी टीव्ही पाच पाच मिनिटांनी बंद-चालू करत होती. मी अर्धा तास बंद ठेवायला लावला, चहा घेतला, टीव्ही सुरू केला, चेहरे माणसांसारखे झाले. पैसे घ्यायची लाज वाटली. घेतले मात्र.

कॅसेटचं तर विचारूच नका. टेपवर लोहाच्या संयुगाचे बारीक कण चिकटवलेले असतात आणि गाणं म्हणजे त्या कणांनी धरलेल्या चुंबकीय दिशा. असा प्रत्येक पदार्थ किती हट्टी आहे, म्हणजे त्याची दिशा बदलायला बाहेरून किती जोर लावावा लागेल, याचं एक माप असतं. त्याला कोअर्सिव्हिटी म्हणतात आणि ती ओर्स्टेडमध्ये मोजतात. हवेत गॉस आणि ओर्स्टेड आकड्याने सारखेच, तेव्हा वाचताना दोन्ही एकच समजलात तरी चालेल. साध्या कॅसेटचा हट्ट ३०० ते ४०० ओर्स्टेड. फुटलेल्या स्पीकरमधून निघालेल्या काळ्या गोल चुंबकाच्या अंगालगत हजार गॉसच्या आसपास मिळतात. म्हणजे तो कॅसेटला चिकटून राहिला तर पुसणार हे उघड आहे.

काही वर्षांपूर्वी एक काकू अशीच एक कॅसेट घेऊन आल्या. त्यांच्या आईच्या आवाजात भोंडल्याची गाणी होती, आणि माळव्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे मधून मधून संजाबाईचीही. दुसरी प्रत नाही. वाजवली तर आवाज येत होता, पण दर थोड्या वेळाने आत ओढल्यासारखा बुडायचा आणि परत वर यायचा. काकूंना वाटलं बुरशी लागली. मी घड्याळ लावून मोजलं. सुरुवातीला बरोबर सव्वातीन सेकंदांनी आवाज बुडत होता. पुढे पुढे अंतर कमी होत गेलं, आणि बाजू संपता संपता दीड सेकंदावर आलं. बुरशी असं मोजून मापून नुकसान करत नाही. कॅसेटची टेप सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकते. भरलेल्या रिळाचा एक वेढा साधारण पंधरा-सोळा सेंटिमीटरचा, आणि आतल्या चाकाजवळचा सातच्या आसपास. भागून बघा, तेच आकडे येतात. म्हणजे रीळ गुंडाळलेल्या अवस्थेत कुणीतरी तिच्या एका बाजूवर चुंबक ठेवला होता आणि प्रत्येक वेढ्याचा तेवढाच तुकडा पुसट झाला होता. काकूंना विचारलं, कॅसेट कशात होती? बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. अजून काय होतं त्यात? काकू गप्प झाल्या, मग म्हणाल्या, “नातवाने रेडिओ फोडला होता, त्यातलं ते गोल काळं होतं बघा.”

कॉम्प्युटरवर घेऊन प्रत्येक खड्ड्यापाशी आवाज थोडा उचलला. खर्रखर्र वाढली, वरचे बारीक सूर काही परत आले नाहीत, पण शब्द सगळे मिळाले. काकूंनी ते पेन ड्राइव्हवर नेलं. पेन ड्राइव्ह कुठे ठेवला असेल? त्याच डब्यात. आणि यावेळी त्याने काहीही बिघडणार नव्हतं.

कारण पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड, फोनची मेमरी, एसएसडी (म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क) यांच्यात चुंबकीय असं काही साठवलेलंच नसतं. फ्लॅश मेमरी १९८० च्या दशकात तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी शोधली. तिच्यात माहिती म्हणजे चारही बाजूंनी इन्सुलेशन असलेल्या बारीकशा खणात कोंडून ठेवलेले इलेक्ट्रॉन. स्थिर चुंबक त्यांना तिथून बाहेर काढू शकत नाही. वेळ काढू शकतो, उष्णता काढू शकते. मे महिन्यात राजवाड्याजवळ काच बंद करून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत पेन ड्राइव्ह ठेवणारे लोक चुंबकाला भितात, याची मला गंमत वाटते. सीडी-डीव्हीडीत तर प्रकाशाचं काम, तिथे चुंबकाचा संबंधच येत नाही.

राहिली हार्ड डिस्क. ती आजही चुंबकीयच आहे, म्हणून यजमानांची शंका अगदी हवेतली नाही. पण तीन गोष्टी त्यांच्या लक्षात आणून द्या.

एक म्हणजे हट्ट. जुन्या फ्लॉपीचा ३०० ते ७०० ओर्स्टेड असायचा. आजच्या हार्ड डिस्कच्या तबकडीचा चार-पाच हजारांच्या घरात असतो. तिच्यावर लिहायला आतलं हेडसुद्धा काही नॅनोमीटर अंतरावर जाऊन, अगदी सुईच्या टोकाहूनही लहान जागेत, प्रचंड क्षेत्र तयार करतं.

दुसरी गोष्ट अंतर. चुंबकाचा जोर अंतराबरोबर नुसता कमी होत नाही, कोसळतो. चुंबकाच्या आकाराच्या मानाने लांब गेलात तर अंतर दुप्पट केल्यावर जोर आठवा हिस्सा उरतो. तुमच्या डिस्कला बाहेरचं प्लास्टिक, मग रबर, मग धातूचं झाकण, मग हवेची फट, मग तबकडी. बरेच जण म्हणतात की धातूची पेटी चुंबकाला अडवते. पेटी असते ॲल्युमिनियमची, तिला चुंबकाची खबरही नसते. अडवतं ते मधलं अंतर.

तिसरी गोष्ट मात्र दाखवल्याशिवाय पटत नाही, म्हणून मी गिऱ्हाइकांना दाखवतो. टेबलाच्या खणात मेलेल्या हार्ड डिस्कमधून काढलेले चुंबक आहेत, काजूच्या आकाराचे, चंदेरी, जाड लोखंडी पट्टीवर बसवलेले. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांचा हा चुंबक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानची सुमितोमो आणि अमेरिकेची जनरल मोटर्स, दोघांनी वेगवेगळा शोधला. दोन चुंबक एकमेकांना लागले तर सोडवायला पेचकस घालावा लागतो, आणि मध्ये बोटाची कातडी सापडली तर रक्त निघतं, माझं निघालंय. असे चुंबक प्रत्येक हार्ड डिस्कच्या पोटातच असतात, तबकडीपासून दोन-तीन सेंटिमीटरवर. हेडचा हात त्यांच्याच जोरावर हलतो. ज्या घरात जन्मापासून वाघ पाळलाय, त्या घराला बाहेरच्या मांजराची काय भीती?

तरीही खात्री करायची म्हणून एकदा ५०० जीबीची जुनी डिस्क भरली, सगळ्या फाइलींची तपासणी-बेरीज (चेकसम, फाइलीत जरा जरी बदल झाला तरी हा आकडा बदलतो) काढून ठेवली आणि असे दोन चुंबक तिच्या झाकणावर आठ दिवस ठेवले. नंतर बेरीज पुन्हा काढली, एक आकडा हलला नव्हता. डिस्क फिरत असताना झाकणावरून चुंबक सरकवला तेव्हा मात्र खरखर झाली, वाचण्याचा वेग पडला. चुंबक उचलला, वेग परत आला. हे घरी करू नका. पुसलं जाणार नाही, पण फिरत्या डिस्कवर काहीही आपटणं वाईट, आणि हे चुंबक हातातून सुटून धाडकन आपटतात.

चुंबकाने हार्ड डिस्क पुसता येतच नाही असं नाही. त्यासाठी डीगॉसर नावाची यंत्रं मिळतात. गुप्त माहिती असलेल्या डिस्क भंगारात टाकण्याआधी त्यातून काढतात. पण त्यातून गेलेली डिस्क रिकामी होऊन परत मिळत नाही, कायमची मरते. कारखान्यात तबकडीवर हेडला वाट दाखवणाऱ्या खुणा लिहिलेल्या असतात, त्याच नाहीशा होतात. आणि जोराचं बोलायचं तर असं बघा: फ्रिजवर लावायचा रबरी चुंबक ५० ते १०० गॉस, चांगला निओडिमियम त्याच्या अंगालगत तीन ते पाच हजार, एमआरआयचं यंत्र १५,००० किंवा ३०,०००. आपल्या इंदूरलाच, कॅट या संशोधन केंद्रात (आता राजा रामण्णा सेंटर म्हणायचं, पण रस्त्याला अजून कॅट रोडच म्हणतात), इंडस-२ हे यंत्र आहे. १७२ मीटरच्या घेरात इलेक्ट्रॉन गोल फिरवायला तिथे १६ मोठे विद्युतचुंबक आहेत, प्रत्येकाचं क्षेत्र दीड टेस्ला, म्हणजे १५,००० गॉस. तुमच्या मुलाची पॉवर बँक अंगठ्याने ढकलली तर निघून येते.

एमआरआयवरून एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१८ मध्ये अमेरिकेत इलिनॉयमधल्या एका रुग्णालयात नवं एमआरआय बसवत असताना तिथल्या चाळीसेक लोकांचे आयफोन आणि ॲपल घड्याळं एकदम मेली. सगळ्यांनी चुंबकाकडे बोट दाखवलं. पण अँड्रॉइड फोन मजेत चालत होते. शेवटी निघालं काय, तर थंड करायला वापरलेला हेलियम वायू गळून हवेत पसरला होता. त्या आयफोनमध्ये काळ मोजणारा जो सूक्ष्म कंपक होता त्याच्या बंद कुपीत हेलियमचे अणू शिरले आणि फोनचं घड्याळ थांबलं. काही दिवसांत हेलियम निघून गेल्यावर बरेचसे फोन आपोआप जिवंत झाले. चुंबक बिचारा फुकट बदनाम.

मग आज चुंबकाने त्रास होतो तो कुठे? पुसण्यात नाही, फसवण्यात. आताच्या उपकरणांमध्ये चुंबक ओळखणारे सेन्सर जागोजागी असतात आणि भलताच चुंबक जवळ आला की ते भलतं समजतात. सुदामा नगरातले एक निवृत्त गुरुजी लॅपटॉप घेऊन आले. लिहिता लिहिता पडदा काळा होतो. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एकाने रॅम बदलली, दुसऱ्याने विंडोज नवं टाकलं. माझ्याकडे दिवसभर नीट चालला. संध्याकाळी गुरुजींनाच समोर बसवून म्हटलं, पत्र लिहा. पाचव्या ओळीला डावं मनगट टचपॅडच्या कडेला टेकलं आणि पडदा गेला. मनगटात रक्तदाबासाठी घेतलेलं चुंबकाचं ब्रेसलेट. लॅपटॉपचं झाकण बंद झालं हे ओळखायला वरच्या चौकटीत एक छोटा चुंबक असतो आणि खाली तो ओळखणारा हॉल सेन्सर. ब्रेसलेट जवळ आलं की लॅपटॉपला वाटायचं झाकण मिटलं, झोपा. मी म्हटलं, “गुरुजी, हे जरा काढून लिहा.” दहा ओळी लिहिल्या, काही झालं नाही. ब्रेसलेटने रक्तदाबाचं काय झालं ते मी विचारलं नाही. एक चालू लॅपटॉप दुसऱ्या बंद लॅपटॉपवर ठेवला तरी कधी कधी हेच होतं.

फोनमध्ये होकायंत्र असतं, ते चुंबकाच्या कव्हरने चुकतं. नकाशात तुमचा बाण पलासियाकडे तोंड करायच्या ऐवजी भलतीकडे बघतो. चुंबक काढून फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवला की सुधारतो. कॅमेऱ्याची भिंग हलवायलाही बारीक चुंबक आणि कॉइल असतात. जोरदार चुंबक तिथेच चिकटलेला असेल तर फोकस डगमगतो, काढला की ठीक. ई-रिक्षाच्या मुठीतही हॉल सेन्सरच असतो, तेव्हा तिथे शोभेचा चुंबक लावू नये हे रिक्षावाल्यांना मी सांगत असतो.

आणखी एक प्रकार फक्त कारखानदारीच्या गावात दिसतो. सांवेर रोडच्या लेथवाल्यांचे फोन माझ्याकडे ‘आवाज दबला’ म्हणून येतात. स्पीकर खराब नसतोच. स्पीकरच्या चुंबकाने जाळीवर लोखंडाचा कीस ओढून ओढून गच्च बसवलेला असतो, काळ्या मिशीसारखा. ब्रशने निघत नाही, कारण आतून चुंबक धरून ठेवतो. मी चिकटपट्टी लावून उचलतो. हाच कीस चुंबकाने चिकटणाऱ्या चार्जिंग केबलच्या पिनांवर बसला तर मात्र ठिणगी उडून पिना जळतात. चुंबकामुळे खरोखर वाया गेलेली वस्तू हवी असेल तर ही घ्या.

एटीएम कार्डाचं काय, असं लोक विचारतात. काळी पट्टी पुसली जाऊ शकते, विशेषतः हॉटेलच्या खोलीच्या कार्डाची, कारण तिचा हट्ट ३०० ओर्स्टेडच. बँकेच्या कार्डांची पट्टी २,७५० च्या आसपासची असते आणि पर्सच्या चुंबकी बटणाने तिला काही होत नाही. शिवाय रिझर्व्ह बँकेने २०१८ अखेरपर्यंत सगळी कार्डं चिपची करायला लावली. चिपला चुंबकाचं काही नाही. चालू एसएमपीएसच्या, म्हणजे चार्जर-कॉम्प्युटरमधल्या वीजपुरवठ्याच्या भागाच्या, ट्रान्सफॉर्मरला जबर चुंबक चिकटवला तर त्याचा गाभा संपृक्त होऊन, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासा होऊन, ट्रान्झिस्टर उडू शकतो. पण तिथे चुंबक नेऊन ठेवेल कोण? हो, विजेच्या मीटरला लावणारे महाभाग आहेत. त्यांना एवढंच सांगतो की आताचे मीटर चुंबक लागल्याची वेळ आणि तारीख लिहून ठेवतात, आणि २००३ च्या वीज कायद्याचं कलम १३५ त्यासाठीच आहे.

आता तुमच्या डिस्ककडे. पुसली गेलेली नाही, मग दिसत का नाही? आठवडाभर सॅकमध्ये हेलपाटली हे तुम्हीच लिहिलंय. माझ्याकडे येणाऱ्या अशा डिस्कमध्ये पहिला संशयित केबल, दुसरा तिचं चपटं, दोन भागांचं सॉकेट. केबल लावलेलीच ठेवून डिस्क बॅगेत कोंबली की ते सॉकेट आतून हलतं आणि सोल्डर सुटतो. तिसरा आपटणं.

कान देऊन ऐका. डिस्क लावल्यावर काहीच हालचाल नाही, दिवाही नाही, तर केबल किंवा सॉकेट. दुसरी केबल लावून बघायला हरकत नाही. गुणगुण येते, फिरते, पण दिसत नाही, तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघा. तिथे ‘इनिशियलाइझ करू का’ किंवा ‘फॉरमॅट करू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, कितीही वेळा विचारलं तरी. टक… टक… टक असा आवाज येत असेल तर हेड गेलंय. मग लगेच काढा आणि पुन्हा एकदाही लावू नका, कारण प्रत्येक वेळी ते हेड तबकडीवर ओरखडे काढू शकतं. बारीक बीप-बीप येत असेल तर हेड तबकडीला अडकलंय किंवा वीज कमी पडतेय. फ्रीजरमध्ये ठेवायचे, उघडून हाताने फिरवायचे जे उपाय लोक सांगतात, त्यातलं काही करू नका.

टक-टक येत नसेल तर लॅपटॉपच्या दुसऱ्या सॉकेटला आणि दुसऱ्या केबलने एकदा, फक्त एकदा लावून बघा. दिसली तर त्या क्षणी सगळं दुसरीकडे उतरवून घ्या, फोटो आधी, हिशेब नंतर. नाही दिसली तर मुलाबरोबर पाठवून द्या, सकाळी अकरानंतर मी दुकानात असतो. डिस्कबरोबर केबलही द्यायला सांगा. नवी नको, सॅकमध्ये होती तीच.